घूम : देशातील सर्वांत उंच रेल्वेस्थानक आणि चालत्या वारशाचे जतन

पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील घूम हे समुद्रसपाटीपासून २,२५८ मीटर म्हणजे ७,४०७ फूट उंचीवरील स्थानक भारतातील सर्वांत उंच रेल्वेस्थानक आहे. न्यू जलपायगुडीच्या सपाट प्रदेशातून निघालेली दार्जिलिंग हिमालयन रेल्वेची छोटी गाडी येथे डोंगराचा माथा गाठते आणि उरलेले काही किलोमीटर दार्जिलिंगच्या दिशेने उतरत जाते. सुमारे १४० वर्षांहून अधिक काळ हे स्थानक वापरात आहे. त्याच्या आवारात रेल्वेचे संग्रहालय आहे, ‘बेबी सिवोक’ हे चिमुकले वाफेचे इंजिन तेथे मांडून ठेवलेले आहे आणि पर्यटनाच्या हंगामात फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. तरीही या स्थानकाच्या जतनाचा प्रश्न सुटलेला नाही, कारण येथे नेमके कशाचे जतन करायचे याचेच उत्तर दिसते तितके सोपे नाही.

घूमच्या उंचीविषयी अनेक दावे प्रचलित आहेत. ‘जगातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच स्थानक’ असे वर्णन पर्यटन पत्रकांत आणि पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील लोहमार्ग एकोणिसाव्या शतकातच चार हजार मीटरपलीकडे गेले होते, त्यामुळे हा दावा कधीच खरा नव्हता. २००६ मध्ये सुरू झालेल्या तिबेटमधील लोहमार्गावरील तांगुला स्थानक तर पाच हजार मीटरपेक्षा उंच आहे. भारतापुरता मात्र घूमचा मान निर्विवाद आहे. बंगालीत ‘घूम’ म्हणजे झोप. वर्षातील बराच काळ धुक्यात बुडालेल्या या गावाच्या नावावर बंगाली पर्यटक कोटी करतात ती त्यामुळेच.

या लोहमार्गाचा उगम तांदळाच्या भावात आहे. ब्रिटिशांनी १८३५ मध्ये सिक्कीमकडून दार्जिलिंगचा डोंगर मिळवला तो आरोग्यधाम वसवण्यासाठी. पुढे १८५० च्या दशकापासून तेथे चहाचे मळे वाढू लागले. मळ्यांना मजूर लागत, मजुरांना धान्य लागे आणि ते सर्व खालून वर चढवावे लागे. हिल कार्ट रोड हा गाडीरस्ता तयार झाला, तरी बैलगाडीने होणारी वाहतूक महागच राहिली. सिलिगुडीत टनाला ९८ रुपयांना मिळणारा तांदूळ दार्जिलिंगला पोहोचेपर्यंत २३८ रुपयांवर जात असे. १८७८ मध्ये कलकत्त्याहून येणारी रेल्वे सिलिगुडीपर्यंत आली आणि ही तफावत अधिकच डोळ्यांत भरू लागली.

ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी हाच हिशेब पुढे ठेवून अस्तित्वात असलेल्या गाडीरस्त्याच्या कडेने वाफेची ट्रामवे बांधण्याची योजना मांडली. बंगालचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर सर ॲशली ईडन यांनी ती तपासून १८७९ मध्ये मान्यता दिली आणि गिलँडर्स आर्बथनॉट कंपनीकडे बांधकाम सोपवण्यात आले. मार्च १८८० मध्ये रूळ तिनधारियापर्यंत पोहोचले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी तेवढ्या अंतराचा प्रवासही केला. ऑगस्टमध्ये कुर्सियांगपर्यंतचा मार्ग खुला झाला. एप्रिल १८८१ मध्ये रूळ घूमला आणि जुलैमध्ये दार्जिलिंगला पोहोचले. सुमारे दोन वर्षांत हिमालयाची ही चढण बांधून झाली. त्याच वर्षी ‘दार्जिलिंग स्टीम ट्रामवे कंपनी’ने नाव बदलून दार्जिलिंग हिमालयन रेल्वे असे ठेवले.

इतका वेग शक्य झाला, कारण बांधणाऱ्यांनी डोंगराशी झटापट टाळली. मार्गावर एकही बोगदा नाही. दोन फूट अंतराचे रूळ बहुतांश ठिकाणी रस्त्यालगत धावतात, अनेक ठिकाणी रस्ता ओलांडून या बाजूचे त्या बाजूला जातात. जेथे चढ फारच तीव्र झाला तेथे दोन युक्त्या वापरल्या गेल्या. एक म्हणजे लूप : गाडी गोल वळसा घेऊन स्वतःच्याच मार्गावरून अधिक उंचीवर जाते. दुसरी झिगझॅग : गाडी पुढे जाते, थांबते, उलट्या दिशेने मागे चढते आणि पुन्हा पुढे निघते. जागतिक वारशाच्या नोंदीप्रमाणे ८८.४८ किलोमीटरच्या आजच्या मार्गावर असे सहा झिगझॅग आणि तीन लूप आहेत. घूम आणि दार्जिलिंग यांच्यामधील बतासिया लूप त्यांतला सर्वांत परिचित. तो मूळ बांधणीतला नाही, तो १९१९ मध्ये बांधला गेला. माथ्यावरून दार्जिलिंगकडे जाणारा उतार सौम्य करणे हा त्याचा हेतू होता. लूपच्या मध्यभागी गोरखा सैनिकांचे स्मारक १९९५ मध्ये उभे राहिले.

घूमचे महत्त्व केवळ उंचीत नव्हते. सिलिगुडीहून येणारा रस्ता येथे माथ्यावर येतो आणि जवळच त्याला फाटे फुटतात. एक सुखियापोखरीमार्गे नेपाळ सीमेकडे जातो, तर जोरबंगल्याहून दुसरा रस्ता तीस्ता खोऱ्यात व कालिम्पाँगकडे उतरतो. त्यामुळे घूम हे उतारूंचे आणि मालाचे नाके झाले. स्थानकाच्या वरच्या अंगाला १८५० मध्ये स्थापन झालेला यिगा चोएलिंग हा बौद्ध मठ आहे. रेल्वे येण्यापूर्वीही या खिंडीतून माणसांची वर्दळ होती, याची त्यावरून कल्पना येते. रेल्वेने त्या वर्दळीला वेळापत्रक दिले.

मार्गाची किमया इंजिनांवरही अवलंबून होती. १८८९ पासून आलेल्या ‘बी’ वर्गाच्या छोट्या, चार चाकी वाफेच्या इंजिनांनी या रेल्वेची ओळख घडवली. त्यांतली बहुतेक ब्रिटनमधून आली, काही अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून, तर तीन तिनधारियाच्या कार्यशाळेतच बांधली गेली. धुक्याने रूळ ओले झाले की चाके घसरतात, म्हणून इंजिनाच्या पुढच्या पट्टीवर दोन माणसे बसून रुळांवर हाताने वाळू टाकत. कोळसा फोडणारा वेगळा, भट्टी सांभाळणारा वेगळा. एवढ्याशा इंजिनाला माणसांचा एवढा ताफा लागे आणि ही कामे एका पिढीने दुसरीला करता करता शिकवली. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८९६ मध्ये दार्जिलिंगहून परतताना मोठे अंतर रुळांवरील ट्रॉलीत बसून उतरून पार केले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याचे उत्साहाने वर्णन केले.

रेल्वेचा परिणाम जनगणनेच्या आकड्यांतही दिसतो. १८७२ मध्ये दार्जिलिंग जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९५ हजार होती. ती १८८१ मध्ये सुमारे १ लाख ५५ हजार आणि १८९१ मध्ये सुमारे २ लाख २३ हजार झाली. ही वाढ एकट्या रेल्वेमुळे झाली असे म्हणता येणार नाही, चहाच्या मळ्यांसाठी नेपाळमधून येणारे मजूर हे तिचे मोठे कारण होते. परंतु एवढ्या लोकांना डोंगरावर पोसता आले ते रेल्वेने आणलेल्या धान्यावर. १९१० च्या सुमारास ही छोटी रेल्वे वर्षाला १ लाख ७४ हजार प्रवासी आणि ४७ हजार टन माल वाहत होती. १८९७ चा भूकंप, १८९९ चे वादळ आणि १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप यांनी मार्गाची पडझड केली, पण प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला. यामागे भावनेचा भाग नव्हता. डोंगराचे जगणे या रुळांवर अवलंबून असल्याने दुरुस्ती टाळणे कुणालाच परवडणारे नव्हते.

फाळणीने प्रथम ही साखळी तोडली. कलकत्ता-सिलिगुडी हा जुना लोहमार्ग पूर्व पाकिस्तानातून जात असल्याने डोंगरी रेल्वेचा मैदानाशी असलेला सरळ धागा तुटला. ऑक्टोबर १९४८ मध्ये भारत सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. पुढे ती ईशान्य सीमा रेल्वेत समाविष्ट झाली आणि १९६० च्या दशकात मार्ग न्यू जलपायगुडीपर्यंत वाढवण्यात आला. दरम्यान हिल कार्ट रोडवर बस, जीप आणि मालमोटारी वाढल्या. ज्या रस्त्याच्या आधाराने रेल्वे चढली, त्याच रस्त्याने तिचे गिऱ्हाईक नेले. सिलिगुडीहून जीप तीन-चार तासांत दार्जिलिंग गाठते, गाडीला सात तासांहून अधिक लागतात. मालवाहतूक रस्त्यावर गेली. तीस्ता खोऱ्यातील शाखा तर १९५० च्या पुरात वाहून गेली आणि पुन्हा बांधलीच गेली नाही. मुख्य मार्गाचेही तसेच होण्याची शक्यता होती. १९८० च्या दशकातील गोरखालँड आंदोलनाच्या काळात तो दीर्घकाळ बंद राहिला होता.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९९९ मध्ये युनेस्कोने दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. ऑस्ट्रियातील सेमरिंग लोहमार्गानंतर हा मान मिळवणारी ही जगातील दुसरी रेल्वे. २००५ मध्ये निलगिरी आणि २००८ मध्ये कालका-सिमला या रेल्वेमार्गांची भर पडून ‘भारतातील पर्वतीय रेल्वे’ अशी संयुक्त नोंद झाली. या नोंदीत मानाची जी कारणे दिली आहेत त्यांकडे आज फारसे लक्ष दिले जात नाही. इंजिने जुनी आहेत किंवा देखावे सुंदर आहेत एवढ्यावर हा मान मिळालेला नाही. अनेक भाषा आणि धर्मांच्या लोकांनी वसलेल्या प्रदेशाच्या सामाजिक व आर्थिक जडणघडणीवर वाहतुकीच्या एका कल्पक साधनाने कसा प्रभाव टाकला, याचे उदाहरण म्हणून ही रेल्वे गौरवली गेली.

घूम स्थानकावर उभे राहिले की त्या कारणाची आजची अवस्था दिसते. दार्जिलिंगहून निघणारी ‘जॉय राइड’ बतासिया लूपला थोडा वेळ थांबून घूमला येते. प्रवासी उतरतात, संग्रहालय पाहतात, छायाचित्रे घेतात. इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडले जाते आणि दोन तासांच्या आत गाडी दार्जिलिंगला परत जाते. वाफेच्या इंजिनाच्या या फेरीचे तिकीट हजार रुपयांच्या वर आहे. ‘आराधना’ आणि ‘बर्फी’ या चित्रपटांनी या गाडीचे चित्र देशभरातील प्रेक्षकांच्या मनात रुजवले, त्यामुळे मागणीची कमतरता नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांसाठी ही रेल्वे धान्य आणत होती ते घूमचे रहिवासी मात्र त्याच वेळी स्थानकाबाहेर दार्जिलिंगला जाणाऱ्या शेअर जीपची वाट पाहत असतात. गाडी त्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांना जवळजवळ चाटून जाते, पण ती त्यांची राहिलेली नाही.

या व्यवस्थेला नावे ठेवणे सोपे आहे. तथापि खर्चाच्या मानाने उत्पन्न तुटपुंजे असलेल्या या मार्गाला आज आधार आहे तो या छोट्या फेऱ्यांचाच. वाफेची इंजिने चालती ठेवायची तर सुटे भाग एकेक करून हाताने घडवावे लागतात. ते जाणणारे कारागीर तिनधारियाच्या कार्यशाळेत आहेत आणि त्यांच्या हाताला काम राहते ते इंजिने रोज धावतात म्हणून. २००० पासून डिझेल इंजिने आली आणि न्यू जलपायगुडी-दार्जिलिंग ही पूर्ण पल्ल्याची गाडी त्यांच्याकडे गेली. वाफ उरली ती मुख्यतः पर्यटकांसाठी. तेव्हा तक्रार जॉय राइडविषयी असू नये. ती उरलेल्या ८० किलोमीटरविषयी असायला हवी.

त्या ८० किलोमीटरची स्थिती नाजूक आहे. २०१० मध्ये पागलाझोरा येथे आणि २०११ मध्ये तिनधारियाजवळ प्रचंड दरडी कोसळून रस्ता व रूळ दोन्ही खचले. पूर्ण मार्ग पुन्हा सुरू होण्यास डिसेंबर २०१५ उजाडावा लागला. म्हणजे जागतिक वारसा ठरलेली ही रेल्वे पाच वर्षांहून अधिक काळ तळापासून माथ्यापर्यंत सलग धावू शकली नव्हती. करोना काळात मार्च २०२० मध्ये बंद झालेली गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. २०२४ च्या पावसाळ्यातही दरडींमुळे लांब पल्ल्याची सेवा थांबली आणि ती नोव्हेंबरमध्ये पूर्ववत झाली. अशा प्रत्येक बंदच्या काळात दार्जिलिंग-घूम फेऱ्या बहुधा चालू होतात, पर्यटकांना फरक जाणवत नाही, आणि मार्ग तुटल्याची बातमी डोंगराबाहेर पोहोचतही नाही.

घूमच्या अलीकडचे, कुर्सियांगच्या दिशेचे सोनादा स्थानक या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात स्वतंत्र गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी पुकारलेला बंद शंभराहून अधिक दिवस चालला. त्या काळात, जुलैमध्ये, सोनादा स्थानक पेटवून देण्यात आले आणि पाठोपाठ गयाबाडी स्थानकही आगीत सापडले. जागतिक वारसास्थळाचा भाग असलेल्या इमारती लोकक्षोभाच्या तडाख्यात सापडाव्यात, ही घटना देशभरात धक्कादायक मानली गेली. तिचा आणखी एक अर्थ मात्र दुर्लक्षित राहिला. रोजच्या प्रवासासाठी ज्यावर अवलंबून आहोत त्या स्थानकाचे रक्षण करायला गाव पुढे येते. जेथे गाडीचा आणि गावाचा संबंध पर्यटनापुरता उरतो, तेथे स्थानक ही केवळ सरकारी इमारत होते आणि सरकारविरुद्धच्या रागाचे सोपे लक्ष्य ठरते. इमारत पुन्हा बांधता येते. जळालेले जुने लाकूड आणि दप्तर परत आणता येत नाही.

दुसरा धोका संथ आहे. रूळ रस्त्याला आणि बाजाराला इतके खेटून जातात की अतिक्रमणाची व्याख्या करणेही अवघड होते. घूमसारख्या ठिकाणी गाडी नसते त्या वेळी रुळांवर भाजीची दुकाने मांडली जातात, मोटारी उभ्या राहतात. शिट्टी ऐकू आली की जागा मोकळी होते. हे दृश्य या रेल्वेच्या मोहकतेचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु रुळांलगत उभी राहणारी पक्की बांधकामे आणि उतारावर टाकला जाणारा कचरा यांची गोष्ट वेगळी. कचऱ्याने पाण्याचे मार्ग तुंबतात, तुंबलेले पाणी डोंगरात मुरते आणि दरड सैल होते. जागतिक वारसा समितीनेही देखरेख व संवर्धनाच्या त्रुटींकडे वेळोवेळी लक्ष वेधले आहे. २०१६ मध्ये रेल्वे मंत्रालय आणि युनेस्को यांनी या मार्गासाठी सर्वंकष संवर्धन व्यवस्थापन आराखडा तयार करण्याचे काम हाती घेतले. मार्गाची जमीन रेल्वेची, रस्ता दुसऱ्या यंत्रणेचा, बाजार नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा, असे येथील मालकीचे वास्तव आहे. त्यामुळे कोणताही आराखडा कागदावर कितीही चांगला असला, तरी या सर्वांनी एकत्र बसल्याशिवाय त्याला हातपाय फुटत नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकांना हा तिढा नवा वाटणार नाही. १९०७ मध्ये सुरू झालेली आणि आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिलेली नेरळ-माथेरान ही रेल्वेही दोन फुटी रुळांचीच. तीही दरवर्षी पावसाळ्यापुढे हात टेकते, आणि २०१९ च्या अतिवृष्टीनंतर नेरळहून वर जाणारी गाडी तीन वर्षे बंद राहून ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात अमन लॉज-माथेरान हा वरचा छोटा टप्पा पर्यटकांना सेवा देत राहिला, जसा दार्जिलिंगमध्ये घूमचा टप्पा देतो. दोन्ही मार्गांत एक भेद आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने रहिवाशांना आजही गाडीची गरज भासते. ती बंद पडली की गावातूनच ओरड होते आणि दुरुस्तीचा तगादा लागतो. घूमला असा तगादा लावणारे कमी आहेत.

तो वाढावा यासाठी काही प्रयत्न झाले आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेने ‘घूम महोत्सव’ भरवला. स्थानिक संगीत, खाद्यपदार्थ आणि हस्तकला यांना स्थानकाच्या परिसरात जागा दिली गेली. ब्रिटनमधील दार्जिलिंग हिमालयन रेल्वे सोसायटीसारख्या हौशी रेल्वेप्रेमींच्या संस्थाही या मार्गाच्या इतिहासाची माहिती लोकांपर्यंत नेत असतात. महोत्सवाने गर्दी जमते, मात्र गावाचे नाते पुन्हा जोडण्यासाठी अधिक साधे उपाय हवेत, असे दिसते. कुर्सियांग, सोनादा, घूम आणि दार्जिलिंग यांच्यातील शाळकरी मुले व नोकरदार यांना सोयीच्या वेळी, परवडणाऱ्या भाड्यात धावणारी एखादी गाडी हा त्यांतला एक उपाय. वाहतुकीच्या कोंडीने हिल कार्ट रोड हंगामात तासन्‌तास ठप्प होतो, त्यामुळे अशा गाडीचा वेग आज पूर्वीइतका हास्यास्पद राहिलेला नाही. संग्रहालयातील वस्तूंच्या माहितीफलकांवर नेपाळी भाषेला ठळक स्थान देणे हा दुसरा. डोंगरावरच्या बहुसंख्य घरांत बोलली जाते ती नेपाळी, आणि रुळांवर वाळू टाकणाऱ्यांपासून कोळसा फोडणाऱ्यांपर्यंत ही रेल्वे चालवणारे हात याच समाजातील होते.

रेल्वेने जपलेली ‘बी’ वर्गाची काही इंजिने अजूनही या मार्गावर धावतात. त्याच वर्गातील ७९४ क्रमांकाचे एक इंजिन पुढे नेरळला आणले गेले. दार्जिलिंगमध्ये उरलेली इंजिने शतकाच्या पलीकडे गेलेली आहेत. हंगामात दिवसाच्या ठरावीक वेळी त्यांपैकी एखादे धुक्यातून वाट काढत घूमच्या बाजारात शिरते, दुकानदार रुळांवर मांडलेल्या टोपल्या उचलतात, आणि गाडी गेल्यावर त्या पुन्हा जागच्या जागी ठेवतात.